मैद्याची खळ

मारोतरावांचा राग बुटीबोरीच्या भट्टीपेक्षा लवकर तापायचा, आणि भट्टी निदान सुट्टीच्या दिवशी तरी थंड व्हायची. तिथल्या ओतकामाच्या कारखान्यात साचे बनवण्यात त्यांची सारी उमर गेली होती. महाल वस्तीतल्या घरात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे.

पोट बिघडून माणूस वाळत चालला, तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा स्प्रू, आतड्याला गहू सोसत नाही. पोळी, बिस्किट, मैदा सगळं बंद. मारोतराव डॉक्टरांवरच उखडले. साच्यात वितळलेलं लोखंड ओतायच्या वाटेला स्प्रू म्हणतात, ते पोटात कुठून आलं? नाव सारखं आहे, बाकी काही संबंध नाही, असं डॉक्टरांना दोनदा सांगावं लागलं.

सून दामिनी कंबर कसून कामाला लागली. ज्वारीच्या पिठाचा डबा वेगळा, तवा वेगळा, परात वेगळी. तरी पोट सुधरेना. मग या गृहस्थांच्या डोक्यात शिरलं की सूनच चोरून गहू मिसळते. गल्लीतल्या बाया समोरच्या ओट्यावर बसलेल्या असताना त्यांनी भाकरीचं ताट दाराबाहेर भिरकावलं.

"तू मले मारून राहिली," ते ओरडले. "कणीक मिसळते तू यात. काहून, सांग."

तिनं लेकराची शपथ घेतली. तिचा नवरा जितेंद्र मूग गिळून बसला. बापापुढे तो नेहमी हेच करायचा. दामिनी लेकराला घेऊन माहेरी उमरेडला निघून गेली.

आता मारोतरावांची बायको प्रयागबाई भाकरी थापू लागली. पोट तसंच. बायकोवर मात्र त्यांनी आळ घेतला नाही.

एकदा कारखान्यात ते साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा जोडत होते. त्याचे दोन अर्धे भाग मैद्याच्या खळीनं चिकटवायचे आणि सांधा अंगठ्यानं गुळगुळीत करायचा. अंगठा कोरडा पडला की जिभेवर ओला करायचा, पुन्हा सांध्यावर फिरवायचा. ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशी अंगठा तोंडात असताना समोरची मैद्याची पिशवी त्यांना दिसली, आणि अंगठा तोंडातच राहिला. गहू फक्त ताटातून पोटात जातो, असं हा शहाणा धरून बसला होता.

सुट्टी टाकून ते उमरेडला गेले. दामिनीनं पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. मारोतरावांनी अंगठ्याचं आणि खळीचं सांगितलं, ते तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मी काही केलं नाही हे मले माहीतच होतं," ती म्हणाली. "ज्या बायांपुढे मले बोलले, त्यांच्यापुढे हे सांगा. मग येते मी."

सांगतो, असं कबूल करून ते परतले. गल्लीत शिरले तर बाया ओट्यावर होत्याच. शेजारच्या शोभाताईंनी विचारलं, "काय भाऊजी, सून नाही आणली?"

सांगायचं ते एका वाक्याचं होतं. मारोतरावांनी घसा साफ केला.

"नाही आली," ते म्हणाले. "लय ताठा आहे तिले."

बायांनी माना डोलावल्या. मारोतराव उंबऱ्याशी आले, तर दारात जितेंद्र उभा होता, हातात फोन. दामिनीनं त्याला केव्हाच सगळं सांगितलं होतं, आणि बापाचं बोलणंही त्यानं आत्ता ऐकलं होतं. तो बापाच्या बाजूनं बाहेर पडला आणि ओट्यासमोर जाऊन उभा राहिला.

"शोभाकाकू, माझ्या बायकोनं काही मिसळलं नव्हतं," तो म्हणाला. "बाबा कारखान्यात मैद्याची खळ चाटत होते. त्यांनी आजच तिले सांगितलं."

मग तो उमरेडची गाडी पकडायला निघाला. मारोतराव उंबऱ्यावरच उभे होते, आणि ओट्यावरच्या सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या.