डावीकडची माणसं

शाळेत मी एकदाच गेलो. मास्तर म्हणाले, हात पुढं कर. मी पाय पुढं केले आणि घर गाठलं. तेव्हापास्नं अक्षराची आणि माझी ओळख नाही. पगार घ्यायला अंगठा लावायचो, तोही बऱ्याचदा उलटा.

असला मी बेंगळुरात कारखान्यात क्रेन चालवायचो. शेडच्या छपराखाली लोखंडी पिंजरा, त्यात मी. खाली साखळीला बिडाचा ठोकळा लोंबकळतोय आणि त्याच्या आजूबाजूला माणसं हिंडताहेत. बायको गावाकडं सांगायची, 'आमचे हे कारखान्यात सगळ्यांच्या वर असतात.' खोटं काय होतं त्यात?

वरनं मी सगळ्यांची टिंगल करायचो. कुणाचं टक्कल, कुणाची चाल. एक दिवस भट्टीवरच्या एका माणसाला इतकं चिडवलं की तो भरल्या शेडमध्ये रडला. आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

'अरे, रोज घरी गेल्यावर दिवसभरात काय केलंस ते लिहीत जा. लिहिलं की माणूस स्वतःला दिसायला लागतो. मग सुधारतो.'

'साहेब, मला लिहिता येत असतं तर मी तुमच्या खुर्चीत नसतो का?'

'मग चित्र काढ. पण खरं तेच काढायचं. जे बघितलंस तेच.'

ठोकळ्यांवर खुणा करायला शेडमध्ये खडू असायचे. एक खिशात घालून आणला. आमच्या खोलीत काळ्या कडप्प्याची फरशी होती. संध्याकाळी आलो की चहा पिऊन फरशीवर बसायचो आणि शेड काढायचो. सकाळी बायको ओल्या फडक्यानं ते पुसायची आणि मग दारात आपली रांगोळी घालायला जायची.

पहिल्या दिवशी मी स्वतःला काढलं ते मिशीसकट, शेडपेक्षा मोठं. बायको म्हणाली, 'अगंबाई, मारुती आला का?' शेजारची अक्का डोकावून बघायची. 'अण्णा, मला काढाल तर नाक स्वल्प लहान काढा हं.'

पण हसता हसता काहीतरी व्हायला लागलं. त्या रडलेल्या माणसाचं तोंड काढायला बसलो आणि खडू पुढं जाईना. दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजला. आधी तो कप बघून लांब सरकला, विष घातलं असंल म्हणून! हळूहळू फरशीवरचा मी लहान होत गेलो, माणसं मोठी होत गेली. साहेबांचं खरं होतं म्हणायचं.

मग ती पेटी चेपली.

शेडच्या डाव्या अंगाला, खांबापाशी, एक लाकडी पेटी असायची. ठोकळ्याला साखळी बांधून खालनं मला हातानं खुणा करणारा आमचा म्हातारा खलाशी तिच्यावर बसून विडी ओढायचा. कानडी माणूस, भला. त्या दिवशी मी ठोकळा फिरवला आणि खाली कर्रकन आवाज झाला. पेटीचा भुगा झाला होता. म्हातारा तेवढ्यात पाणी प्यायला गेला होता.

येऊन तो वर बघत ओरडला, 'अण्णा, डोळे नाहीत काय?'

'आहेत की! पण तुझ्याकडं बघवत नाही!'

सगळे हसले. म्हाताराही हसला.

संध्याकाळी मी चित्र काढलं. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, 'पेटी कुठाय?'

'कुठली?'

'आत्ता सांगितलंत की, चेपली म्हणून.'

'मला दिसली कुठं? दिसलं नाही ते काढत नाही मी.'

तिचा हात परातीत थांबला. 'अहो, एक सांगू? पहिल्यांदा मला सगळी फरशी पुसावी लागायची. हल्ली अर्धीच पुसते. खांबाच्या डावीकडं तुम्ही काही काढतच नाही.'

ती उठून माझ्या डाव्या अंगाला येऊन बसली. 'समोर बघा. काय दिसतंय?'

'चूल.'

'आणखी?'

'तवा. भाकरी करपतीय तुझी.'

'माझा हात?'

कानापाशी बांगड्या वाजल्या. अगदी कानापाशी. हात कुठंच नव्हता.

भाकरी करपली. कुणी उचलली नाही.

'उद्या वर चढू नका,' ती म्हणाली.

'न चढून खायचं काय? करपलेली भाकरी?'

सकाळी भोंगा झाला आणि मी चढलो. म्हाताऱ्यानं खांबापाशी नवी पेटी आणून तिच्यावर बैठक मारली होती. मान वळवली की तो होता. सरळ बघितलं की नव्हता. पुन्हा वळवली, होता. ठोकळ्याची साखळी ताणली गेली, ठोकळा जरासा हलला. माझा हात दांड्यावर. मी ठोकळा होता तिथंच टेकवला आणि खाली उतरलो.

'मला डावीकडं दिसत नाही,' मी सगळ्यांना सांगितलं.

अख्खी शेड हसली. भट्टीवरचा तो माणूस तर सगळ्यात जास्त. साहेब बाहेर आले. 'पुरे झालं तुझं. चढ वर, काम अडलंय.'

जन्मभर जे पेरलं तेच उगवलं होतं. आता खरं सांगायला तोंड कुठनं आणू? मग खिशातला खडू काढला आणि शेडच्या जमिनीवरच बसलो. भट्टी काढली, ठोकळा काढला, उजवीकडची माणसं काढली, खांब काढला. थांबलो.

साहेब वाकले. 'आणि हा इथं बसतो तो? त्याला काढ की.'

'कुठाय तो, साहेब?'

विडीचा वास येत होता. अगदी खांद्यापाशी. माझ्या मागचं हसणं एकेक करून बंद पडलं. मग पायांचा आवाज माझ्या पाठीमागनं फिरून उजवीकडं आला आणि म्हातारा मला दिसला. विडी बोटात तशीच जळत होती.

'अण्णा,' तो हळू आवाजात म्हणाला, 'किती दिवस झाले?'

'बायकोला विचारून सांगतो,' मी म्हटलं. 'फरशी पुसते ती.'

कुणी हसलं नाही.