चिठ्ठीत निघालेले हातमोजे

रिसर्च करायला घेतला की डाटा जमो न जमो, किस्से मात्र पोत्यानं जमतात!

धाड नावाच्या गावात माझा दवाखाना. खोकला, हगवण, कंबरदुखी, सगळं एकाच टेबलावर. बीटी कपाशी आली तेव्हा आता फवारणी सुटली म्हणून गाव खूश होतं. मग बोंडअळी परतली, पंप पुन्हा पाठीवर चढले आणि माझ्याकडे चक्कर-उलटीवाल्यांची रांग लागली. मी ठरवलं, अभ्यास करायचा. निम्म्या फवारणीवाल्यांना हातमोजे आणि मास्क द्यायचे, निम्म्यांचं नेहमीसारखं चालू द्यायचं. फरक दिसला तर सगळ्यांसाठी सरकारकडे हक्कानं मागता येईल. पुण्याचे माझे गाइड म्हणाले, "ओपीडी सांभाळून? जमणार नाही." झालं! आता तर करणारच.

* * *

हातमोजे कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. दवाखान्यात भिशीचा माहोल! नाव निघालं की टाळ्या. सलीमभाईचं निघालं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी पेढे आणले. त्याचा शेजारी विठ्ठल हिरमुसला, "आपलं नशीबच फुटकं, बाई."

* * *

रक्त तपासायचं होतं. एक आजोबा हात मागे घेऊन बसले. "रक्त काढसान, मंग सलाईन लावसान ना? नाही तं परवडत नाही!"

* * *

प्रश्न विचारणं तर त्याहून कठीण. "फवारल्यावर चक्कर येते का?"

"येते ना."

"किती वेळा?"

"तुमाले किती पाह्यजे?"

* * *

लोक फेरतपासणीला येईनात. गाइड म्हणाले, फोन करा. केला. पलीकडून पंपाचा आवाज. मी ओरडून विचारलं, "हातमोजे घातलेत ना?"

"घातले होते, बाई. तुमचाच फोन उचलाले काढले!"

मी कपाळावर हात मारला. त्यानंतर फोन बंद. रविवारी स्कूटी काढायची आणि बांधाबांधानं फिरायचं, चिखल असो की ऊन.

* * *

अशाच एका रविवारी सलीमभाई फवारताना दिसला. उजव्या हातात मोजा, डावा उघडा. शेजारच्या वावरात विठ्ठल. त्याच्या डाव्या हातात मोजा!

"हे काय चालवलंय?" माझा पारा चढला. "विठ्ठलचं नाव निघालं नव्हतं ना?"

"यार हाये माझा, बाई. मी एकटाच दोन्ही कसे घालू?"

मी दोघांना फैलावर घेतलं. असं केलं तर फरक दिसणारच नाही, सगळ्यांच्या हातमोज्यांवर पाणी पडेल, सगळं समजावून सांगितलं. विठ्ठलनं मोजा काढला, झटकला आणि सलीमभाईला परत दिला. "बाई म्हनते तं बरोबरच असन," तो म्हणाला.

* * *

पुढच्याच फवारणीला विठ्ठलला जीपमध्ये घालून आणलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. आणणारा सलीमभाईच. इंजेक्शनं दिली, सलाईन लावली, दिवसभर मी खुर्ची सोडली नाही. दिवेलागणीला त्यानं डोळे उघडले, पाणी मागितलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्याची बायको कमल सकाळपासून पायाशी उभी होती. आता तिनं पदर खोचला आणि माझ्या टेबलासमोर आली.

"बाई, तुमचा अभ्यास बंद नका करू. चिठ्ठ्या पुन्हा टाका."

"पुन्हा?"

"हाव. पन या बारीले तुमच्या घरच्या मानसाचं नाव बी टाका."