सार्वे मॅडम आणि बालाघाटची बिलं

सार्वे मॅडमच्या ऑफिसात बिलांची पिशवी घेऊन गेलं, की त्या पिशवीकडे बघायच्याही नाहीत. आधी तुमच्याकडे रोखून बघायच्या आणि विचारायच्या, "माल कुठी उतरला?" रक्कम, ग्राहकाचं नाव, माल कसला, हे सगळं नंतर. तुमसरमध्ये जीएसटीचं काम करणारे पुष्कळ होते, पण अशी उलटतपासणी घेणाऱ्या या एकट्याच. आमच्या मोहाडीच्या कोसा रेशमी साड्यांच्या दुकानाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्यापुढे बसलो की मला तोंडी परीक्षेसारखा घाम फुटायचा.

जीएसटीचे प्रकार मला त्यांनीच शिकवले. टेबलावर खडूने रेघ ओढून म्हणाल्या, "हे महाराष्ट्राची शीव. माल हिच्या आत रायला तं कर अर्धा-अर्धा. सीजीएसटी दिल्लीचा, एसजीएसटी आपल्या राज्याचा. माल रेघेपल्याड गेला का हे दोन्ही बंद. मंग एकच, आयजीएसटी. तो दिल्लीले जाते, अन् माल ज्या राज्यात गेला त्याले दिल्ली वाटा देते."

"आणि यूटीजीएसटी?" मी हुशारी दाखवली.

"तो केंद्रशासित प्रदेशातल्या तिथल्या तिथं विक्रीवर. तुमी अंदमानात दुकान टाकून राहिले काय? नाई न? मंग माहं डोकं कायले खाता?"

माझी बहीण सुषमा बालाघाटला दिली आहे, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात. बालाघाट मध्य प्रदेशात, पण आमचे निम्मे सोयरे तिकडचे. तिथं जाताना आम्ही परराज्यात चाललोय असं कुणाच्या मनातही येत नाही. लग्नानंतर जावयाच्या दुकानात आमच्या साड्या जाऊ लागल्या. बिलं मात्र मोहाडीच्या गिऱ्हाइकासारखीच निघत राहिली, सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून.

दिवाळीला सुषमा आली ती मोबाइलमध्ये नोटिशीचा फोटो घेऊन. तिकडच्या कर कार्यालयाने जावयाला कळवलं होतं, की खरेदीवर भरलेला म्हणून तुम्ही तुमच्या देण्यातून वळता करून घेतलेला कर महाराष्ट्राचा आहे, तो इथे चालत नाही, व्याजासकट परत भरा. सासऱ्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "बापाले दाखव." भाऊबीजेनंतर सासरचं माणूस लेकीला न्यायला येतं, ही आमच्याकडची रीत. भाऊबीज होऊन गेली, कोणी आलं नाही. जावई फोन उचलेनात. सुषमा बॅग भरून बसलेली, आणि आईने घरात टीव्ही लावणं बंद केलं.

मी बिलं आणि नोटिशीचा फोटो घेऊन तुमसरला धावलो. मॅडमनी पहिल्यांदाच आधी पिशवी उघडली. एक बिल पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि चष्मा काढून ठेवला.

"दर महिन्याले मी हे पाहून राहिली होती," त्या म्हणाल्या. "सुषमाच्या लग्नात तिथं पंगतीत बसून जेवली मी. बालाघाट मले परकं वाटलंच नाई कधी, मंग माल कुठी उतरला हे इचारायचं सुचलंच नाई."

मागच्या आर्थिक वर्षाची बिलं दुरुस्त करायची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती. आम्ही आयजीएसटी नव्याने भरायचा आणि चुकून भरलेला परत मागायचा, इतकं आमच्या हातात होतं. पण जावयानेही मुदतीत ती दुरुस्त बिलं आपल्या कर-विवरणपत्रात घ्यायला हवी होती, नाहीतर तो कर त्यांना कायमचा बुडला असता. आणि त्याचं खापर जन्मभर सुषमाच्या डोक्यावर फुटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी बाबा, मॅडम आणि मी बालाघाटला गेलो. बैठकीत शिरताच बाबांनी हात जोडले. लेकीचा बाप दुसरं करणार काय! सासऱ्यांनी नोटीस पुढे सरकवली. "बात इज्जतीची आहे," ते म्हणाले. "सुनेच्या मायेरच्या बिलानं आमाले नोटीस!"

"भाऊ, हात खाली करा," मॅडम बाबांना म्हणाल्या, आणि सासऱ्यांकडे वळल्या. "चूक माही आहे. यांची नाई, पोरीची तं मुळीच नाई. बिल चुकलं तं बिल दुरुस्त करू. पोरीले कायले मधात धरता?"

सोयऱ्यांच्या घरात असं कोणी बोलत नाही. सासऱ्यांनी नोटीस घडी घालून बाजूला ठेवली. मग त्यांनी जावयाला आपल्या हिशेबनिसाला बोलवायला सांगितलं.

मुदतीच्या आत काम झालं. जावई स्वतः सुषमाला न्यायला आले. मी पेढे घेऊन तुमसरला गेलो, तर मॅडमनी आमच्या फायली बांधून ठेवलेल्या.

"आता दुसरा माणूस पाहा."

"पण चूक तर निस्तरली ना, मॅडम?"

"बिलातली निस्तरली. मी तुमच्या घरची झाली, बाबू. मले तुमच्यातलं चुकलेलं दिसत नाई. असा माणूस या कामाचा नाई."

मी विनवण्या केल्या, चिडलोही. त्यांनी पेढा खाल्ला आणि फायली माझ्या हातात दिल्या. जिना उतरताना मला रडू आलं.

बाबा अजून कुरकुरतात, "एवढ्या चांगल्या बाईनं आपल्याले काहून सोडलं?" सुषमा माहेरी असली की उठून मॅडमना फोन लावते आणि विचारते, जेवायला कधी येता.