काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे

"मॅडम, हा नववा," दुकानदार म्हणाला. "अजून दोन आहेत. तेही बघणार?"

"बघणार म्हणजे काय! काढा."

जुन्या पनवेलमधलं वाद्यांचं दुकान. मी स्टुलावर बसलेली, समोर स्टँडवर कीबोर्ड आणि शेजारी हाताची घडी घालून नरेश. नरेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो आणि लग्नसराईत स्वतःची बेंजो पार्टी चालवतो. बेंजो, कीबोर्ड, ढोलकी, ड्रम असा सगळा ताफा टेम्पोवर चढतो आणि आगरी-कोळी हळदी दणाणून सोडतो. त्याची मुलगी माझ्याकडे पियानो शिकते. पार्टीतला कीबोर्डवाला जहाजावर नोकरी लागली म्हणून निघून गेला, जाताना आपला कीबोर्डही घेऊन गेला. म्हणून नरेश माझ्याकडे आला होता. "टीचर, मशीन तुमी निवडा. आन ज्योतीच्या हळदीला तुमीच वाजवा." ज्योती ही त्याची धाकटी बहीण. हळद अकरा दिवसांवर आली होती.

मी लगेच हो म्हटलं. नवीन पनवेलमध्ये पंचवीस वर्षं पियानो शिकवतेय. परीक्षांच्या सगळ्या ग्रेड्स झालेल्या, बोटं तयार, कान तयार. एक कीबोर्ड निवडायला असं काय लागतं?

मी कीबोर्ड कसा पारखते ते सांगते. पियानोत की दाबली की आत एक हातोडी तारेवर आदळते. त्या हातोडीचं वजन बोटाला कळतं. हळू दाबलं तर हळू वाजतं, जोरात दाबलं तर जोरात. सिंथेसायझरमध्ये, म्हणजे अशा कीबोर्डमध्ये, तार नाही, हातोडी नाही, आवाज इलेक्ट्रॉनिक. पण चांगल्या मॉडेलमध्ये कीजना मुद्दाम वजन दिलेलं असतं. त्याला वेटेड कीज म्हणतात. पियानोवर वाढलेल्या माणसाला हे वजन नसलेला कीबोर्ड म्हणजे बिनमिठाचं जेवण. मी तर पहिल्या चार मॉडेल्सच्या कीज नुसत्या बोटानं दाबल्या आणि "पुढचा" म्हणाले. आवाज ऐकायचीही तसदी घेतली नाही.

शेवटी मला हवा तो सापडला. अठ्ठ्याऐंशी कीज, पूर्ण वेटेड. नरेशनं तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि परत ठेवला.

"टीचर, ह्यो उचलायला चार जन लागतील. आमी टेम्पोवर वाजवतो."

"टच नसेल तर बाकी सगळं फुकट आहे, नरेश."

"बरं. तुमाला म्हाईत."

अखेर थोडं माझं आणि थोडं त्याचं ऐकून त्र्याहत्तर कीजचा एक वेटेड घेतला. दुकानदार ओळखीचा. चार दिवस ट्रायलला ठेवा म्हणाला. मी खूश होते. अगदी शाबासकी मिळाल्यासारखी.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कीबोर्ड फक्त नाचाच्या गाण्यांसाठी नव्हता. नरेशची आई, हिराबाई, धवलारीण. आगरी-कोळी लग्नात हळद, मांडव, पाणी भरणं अशा प्रत्येक विधीला गाणी म्हणायला ही बाई लागते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. धवलारीण गाते आणि विधी पुढे सरकतो. हिराबाईंनी आसपासच्या गावांत किती जणांना हळद लावली असेल त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. एरवी उरणच्या बाजारात मासळी विकतात.

पण मागच्या वर्षी एका हळदीत लोक स्टेजवर या म्हणाले. त्या चढल्या, माइक घेतला, गायला लागल्या. आणि तो जहाजावर गेलेला कीबोर्डवाला भर मांडवात माइकवरून म्हणाला, "मावशी, सूर लावा जरा." लोक हसले. हिराबाईंनी माइक खाली ठेवला. तेव्हापासून त्या माइकवर गायल्या नव्हत्या. घरातल्या ओट्यावर गाईन, स्टेजवर नाय, हे त्यांचं ठरलेलं.

आणि इकडे ज्योती हटून बसलेली. "आई स्टेजवर, दादाच्या पार्टीबरोबर गायली तरच मी हळदीला बसेन." नुसतं गायलं तर मांडवातले लोक गप्पा मारत बसतात, मागे साज असला की ऐकतात, हे नरेशला अनुभवानं माहीत. घरात आठवडाभर हीच खणाखणी चालू होती. शेवटी हिराबाई एवढंच म्हणाल्या, "एकदा बघू. बाजा माज्यामागं आला तर गाईन."

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर ढोलकीवाला आधीच येऊन बसला होता. हातात पाना, ढोलकीचे नट आवळतोय, थाप मारतोय, कान लावतोय, परत आवळतोय. दहा मिनिटं त्याचं हेच चाललेलं. मी प्लग लावला, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तयार होऊन बसले.

"टीचर, तुमचा कदी लावनार?" त्यानं विचारलं.

"याला लावावं लागत नाही," मी म्हणाले. "फॅक्टरीतूनच लागून येतो."

काय तो तोरा! आठवलं तरी कान गरम होतात.

हिराबाई आल्या. पदर खोचून बसल्या आणि काही न विचारता गायला लागल्या. आवाज जाडसर, मोकळा, काठावरून होडीला हाक मारावी तसा. मी सूर शोधला. आपल्याकडे गाणारे कीजची नावं रंगावरून सांगतात. काळी एक म्हणजे पहिली काळी की, पांढरी दोन म्हणजे तिच्या लगेच पुढची पांढरी. मी काळी एक दाबली. हिराबाई त्याच्या वर. पांढरी दोन दाबली. हिराबाई त्याच्या खाली. त्यांचा सूर बरोब्बर मधे, आणि मधे माझ्याकडे कीच नव्हती.

मी पुन्हा काळी एक दाबली, पुन्हा पांढरी दोन. तिसऱ्या कडव्यानंतर हिराबाई थांबल्या.

"बाय, तुजा बाजा माज्यामागं येत नाय."

इथे गप्प बसायचं होतं. पण पंचवीस वर्षांची सवय. विद्यार्थ्याला सांगावं तसं मी म्हणून गेले, "मावशी, किंचित वर घ्याल का? सूर जरा खाली लागतोय."

ढोलकीवाल्याचा हात जागच्या जागी थांबला.

"मागल्या साली त्यो पोऱ्या बी हेच बोलला," हिराबाई म्हणाल्या आणि उठल्या. "मना मासली कापायचीय."

दारात ज्योती उभी होती. तिचे डोळे भरलेले. "टीचर, ती आता नाय यायची बाहेर," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं गावं एवढीच त्या मुलीची मागणी, आणि तिच्यावर पाणी फिरवलं कुणी, तर मी. दहा दिवस उरले होते.

घरी येऊन पियानोसमोर बसले. वाजवलं नाही. नुसती बसले. वर्षातून दोनदा ट्यूनर येतो, दोन तास तारा आवळतो, चहा पिऊन जातो. मी स्वतः आजवर एक तारसुद्धा लावलेली नाही. ढोलकीवाला स्वतःची ढोलकी लावतो. तंबोरा, सतार, व्हायोलिन, सगळे आपापलं वाद्य गाणाऱ्याच्या सुराला मिळवून घेतात. फक्त आम्ही पियानोवाले आयत्या वाद्यावर बसतो आणि आलेल्या माणसाला सांगतो, तू इकडे ये. हिराबाई खाली नव्हत्या आणि वरही नव्हत्या. त्या त्यांच्या जागी होत्या. मीच जागेवरून हलायला तयार नव्हते. च्यायला, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली!

पियानोचं काही करता येणार नव्हतं. पण सिंथेसायझर सगळाच्या सगळा थोडा वर किंवा खाली सरकवता येतो. त्याला ट्यूनिंग म्हणतात. मी मॅन्युअल उघडलं. माझ्या त्या लाडक्या वेटेड मॉडेलमध्ये ट्यूनिंग होतं, पण पाच स्क्रीन आत. तेवढ्यानं काम भागणार नव्हतं. ओट्यावर केलेलं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. हिराबाईंचा आवाज तापत जातो तसा कडव्यागणिक केसभर वर चढतो. म्हणजे ट्यूनिंग हाताशी हवं, वाजवता वाजवता फिरवता येईल असं.

दुकानदाराला फोन केला. "ट्यूनिंग हाताशी असलेला कुठला आहे?"

"मॅडम, हे आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय ना."

"मग बघावं लागेल. एकाला वर नॉब आहेत. नॉबला कुठलंही काम लावून देता येतं."

सकाळी उरणच्या बाजारात गेले. हिराबाई पाटीसमोर बसलेल्या. मला बघून त्यांनी पापलेटांवर पाणी मारलं आणि दुसरीकडे बघितलं.

"मावशी, चूक माझी होती. सूर तुमचा बरोबर होता. माझा बाजा लावलेला नव्हता."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग शेजारणीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आयकलंव का गो? टीचर काय बोलते ती?" शेजारणीनं ऐकलं नव्हतं. मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, चांगलं खणखणीत. पलीकडच्या दोघींनीही ऐकलं. झालं समाधान.

"आता दुकानात चला," मी म्हणाले. "बाजा तुम्ही निवडायचा."

"मना काय कलतं त्यातलं?"

"तुम्ही पापलेट घेताना कल्ला उघडून बघता ना? तसंच. तुम्ही गायचं. जो तुमच्यामागे येईल तो घ्यायचा."

त्या हसल्या. गिऱ्हाईक आलं, मासा तोलला, कापला, पिशवीत भरला. मग म्हणाल्या, "मासली खपून पाटी उठली की येते."

दुपारी त्या दुकानात आल्या. दुकानदारानं खुर्ची दिली. हिराबाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि गायला लागल्या. गिटार बघायला आलेले कॉलेजचे दोघे गिटार विसरून ऐकत उभे राहिले. पहिले दोन कीबोर्ड बाद झाले, ट्यूनिंग मेनूत दडलेलं. तिसरा नॉबवाला. एकसष्ट कीज, प्लास्टिकच्या, हलक्या, बिस्किटासारख्या. परवा हाच मी एका बोटानं दाबून "पुढचा" म्हटलं होतं.

दुकानदारानं पहिल्या नॉबला ट्यूनिंग लावून दिलं. उजव्या हातानं मी पांढरी दोन धरली, डाव्या हातानं नॉब हळूहळू खाली आणला. आवाज उतरत गेला, उतरत गेला आणि एका जागी येऊन हिराबाईंच्या आवाजात मिसळला. वेगळा ऐकूच येईना.

हिराबाईंनी गाणं तोडलं नाही. फक्त हात वर करून बोट हलवलं. हाच.

"मॅडम, या कीज तुम्हाला आवडणार नाहीत," दुकानदार हळूच म्हणाला.

"नाहीच आवडत. पॅक करा."

हळदीला मांडव भरलेला. ज्योती पाटावर बसली, आणि हिराबाई स्टेजवर चढल्या तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान हलवली. हिराबाईंनी माइक धरला, सूर लावला. दोन सेकंदांत नॉब जागेवर. मग ढोलकी. मांडवातली कुजबुज एका कडव्यात थांबली. आवाज चढत गेला, मी नॉब केसभर पुढे नेत गेले. उजव्या हातानं मी काय वाजवत होते? दोन सूर. पूर्ण धवलाभर दोन सूर धरून बसले होते. पुढच्या रांगेतला एक पाहुणा नरेशला विचारत होता, "ह्या बायला येत नाय का रे वाजवाया? दोनच बटनं दाबून बसलीय."

पाचव्या कडव्यात नवरीचं नाव येतं. हिराबाईंनी शंभर पोरींची नावं त्या जागी घेतली असतील. या वेळी स्वतःच्या पोरीचं नाव घेतलं आणि आवाज फुटला. सूर एकदम कोसळला. माझा हात नॉबवर होता. फिरवला असता तर मागे जाता आलं असतं. मी फिरवला नाही. दोन्ही हात उचलले. ढोलकीवाल्यानंही थाप रोखली. मांडवात फक्त एका आईचा रडता आवाज, स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत. ज्योती पाटावर ढसाढसा रडत होती. मग बायकांमधून कुणीतरी तीच ओळ उचलली, दुसरीनं साथ दिली, आणि हिराबाई डोळे पुसून पुन्हा गायला लागल्या. मी नव्यानं सूर शोधला आणि त्यांच्यामागे गेले.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "मधी हात का उचललास?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

त्यांनी ताटातली हळद घेतली आणि माझ्या दोन्ही गालांना फासली. "त्यो पोऱ्या वाजवतच ऱ्हायला असता," म्हणाल्या आणि लेकीकडे गेल्या.

तो सीझन आम्ही दोघींनी मिळून केला. पुढच्या सीझनसाठी नरेशनं दुसरा वादक ठेवला आणि मी माझ्या पियानोवर परत आले. आजही पालक विचारायला येतात. एकसष्ट कीजचा घेऊ की अठ्ठ्याऐंशीचा, वेटेड घेऊ की साधा? मी आधी विचारते, याच्याबरोबर गाणार कोण आहे? कुणी आजोबांचं नाव सांगतं, कुणी मोठ्या बहिणीचं. मग मी म्हणते, त्यांना घेऊन दुकानात जा आणि त्यांना गायला लावा. बरेच जण वैतागतात. म्हणतात, आम्ही वाद्य घ्यायला आलोय, गायला कशाला लावता? वैतागू देत. न लावलेलं वाद्य घेऊन मी एका बाईला घरात परत पाठवलं होतं. ते काम मला पुन्हा करायचं नाही.