पणजीच्या लग्नाचं पान

माझ्या आत्याने पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले. समोरच्या माणसाकडे एकदा बघून ती माप सांगते, आणि खात्री करायला कोणी टेप हातात घेतली तर तिला राग येतो. अशी बाई एका कागदापुढे चार महिने हात टेकून बसलेली मला बघवत नव्हती.

आत्याच्या चुलतभावाला घरात सगळे हेडमास्तर म्हणतात. त्यांनी घराण्याची वंशावळ छापायला काढली आणि आत्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, नावापुढे लिहिलं, ‘लग्नाची नोंद आढळत नाही. निरक्षर.’ पहिल्या वाक्यावरून आत्या पेटली. पणजी लग्न न करताच येऊन राहिली, अशी कुजबुज तिने लहानपणी आपल्या कानांनी ऐकली होती.

“ती आता छापून येणार?” आत्या म्हणाली. “माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.”

पुस्तक छपाईला जायला आठ दिवस उरले होते. आम्ही पाचव्यांदा नोंदणी कचेरीच्या तळघरात उतरलो. या वेळी तिथे नेहमीच्या कारकुनाऐवजी दफ्तर सांभाळणाऱ्या बाई होत्या. पानं उलटायला त्यांनी बोटात रबरी टोपण घातलं होतं. ते शिवताना बोटात घालायच्या टोपणासारखं दिसल्यामुळे की काय, आत्याचा त्यांच्यावर लगेच विश्वास बसला.

“कोणतं वर्ष बघितलंत?” बाईंनी विचारलं.

“लग्नाचं. मोठा पूर आला ते. त्याच्या पुढचं-मागचंही चाळून झालं.”

“तिथेच चुकतंय. इथली वही लग्नाच्या तारखेने लागत नाही, नोंद केली त्या तारखेने लागते. आणि त्या काळी हौसेने कोण नोंद करत होतं? त्यांना कागदाची गरज कधी पडली, ते आठवा.”

आत्या डोळे मिटून बसली. मग म्हणाली, “कारखान्याची खोली मिळाली तेव्हा. बायकोमुलं असलेल्यालाच मिळायची. माझे वडील चार वर्षांचे होते.”

बाईंनी उशीएवढी जाड वही आणून टेबलावर ठेवली. अर्ध्या तासात नोंद सापडली. नवरा, नवरी, लग्नाची तारीख, दोन साक्षीदार, सगळं जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. हेडमास्तरांना कधी एकदा फोन लावतो असं मला झालं होतं, पण आत्याने माझं मनगट धरलं. तिचं बोट पानाच्या तळाशी थांबलं होतं.

नवऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा होता. नवरीच्या जागी ठळक, न अडखळता केलेली सही होती. तिच्या शेवटच्या अक्षराची शेपटी खाली येऊन हुकासारखी मागे वळली होती.

ती शेपटी आमच्या घरात सगळे ओळखतात. ती पणजोबांची. कारखान्यात मुकादम झाल्यावर ते झोकात सही करायचे, त्यांनीच मुलांना आणि नातवंडांना अक्षरं गिरवायला शिकवलं, आणि आजही आम्ही सगळे सहीला तसाच हुक काढतो. पणजीपुढे कोणी कागद धरला तर ती म्हणायची, “मला कुठं येतंय? यांना द्या.”

“सह्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?” मी विचारलं.

बाईंना ते लागलं. “अंगठा केवढा आहे बघा. हा नवरीचा वाटतो तुम्हाला?”

आत्याने त्या हुकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “आजोबा मोठ्याने पेपर वाचायचे. मध्येच कुठेतरी अडायचे. आजी भाजी निवडता निवडता सहज काहीतरी बोलायची, आणि ते पुढे वाचायला लागायचे. नेमका तोच शब्द असायचा तिच्या बोलण्यात. मला वाटायचं, किती मध्ये मध्ये करते ही बाई.”

एवढंसं काही केलं तर मी ते चार लोकांना ऐकवल्याशिवाय राहत नाही. या बाईने नवऱ्याला वाचायला-लिहायला शिकवलं, आपली सहीसुद्धा त्याला देऊन टाकली, आणि जन्मभर अडाणी म्हणवून घेतलं. एवढं मोठं माणूस आमच्या घरात होऊन गेलं आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

“उतारा देऊ की पानाची प्रत?” बाईंनी विचारलं. “उताऱ्यात फक्त नावं आणि तारीख येतात, सह्या नाही. लग्न सिद्ध करायला तेवढं पुरतं.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. “तिने जन्मभर झाकून ठेवलं. आजोबांची मान खाली जाऊ नये म्हणून.”

“मग उतारा घेऊ या?”

“आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली,” ती म्हणाली आणि बाईंकडे वळली. “पानाची प्रत द्या. सह्यांसकट.”

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. सही करायला आत्याला एरवी क्षणही लागत नाही. आज ती शेवटच्या अक्षरापाशी थांबली, शेपटी खाली ओढली आणि सावकाश मागे वळवली.

“इतकी वर्षं आजोबांची म्हणून मिरवली रे,” ती म्हणाली, आणि अर्ज ओला होऊ नये म्हणून माझ्याकडे दिला.