प्रस्थान ठेवलेली बॅग

व्हिसा लागलेले पासपोर्ट मंगळवारी घरी आले आणि शुक्रवारी आई बाथरूममध्ये पडली. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं आणि तीन दिवसांत त्याचं काय करायचं तेच कळेनासं झालं. मला आधी आला तो राग. कोणावर ते विचारू नका. खुब्याचं हाड मोडून पडलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईवर रागावता येत नाही, आणि अमेरिकेच्या सरकारवर रागावून त्यांना काही फरक पडत नाही.

अर्ज दादाने केला होता, तिकडचा नागरिक झालेला भाऊ बहिणीसाठी करतो तो. तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. अर्ज करायला काय जातं, नंबर लागेल तेव्हा लागेल, म्हणून सह्या करून दिल्या आणि विसरून गेलो. मग बाबा गेले, आई आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आली, मुलगी कॉलेजात गेली, आणि एक दिवस नंबर लागला. माझा, नवऱ्याचा आणि मुलीचा. आई त्यात नव्हती. तिच्यासाठी वेगळा अर्ज करतो म्हणून दादा दरवर्षी मागे लागायचा. "मला मोजे घालून मरायचं नाही," एवढंच बोलून ती फोन माझ्याकडे द्यायची.

व्हिसा थोड्याच महिन्यांचा असतो. तेवढ्यात एकदा तिकडे पाऊल टाकावंच लागतं, नाहीतर पंधरा वर्षं पाण्यात. दादाच्या वकीलबाईंनी फोनवर नीट समजावलं. एकदा येऊन जा, ग्रीन कार्ड दादाच्या पत्त्यावर येईल, मग परत जाऊन घरचं आवरा. पण वर्षाच्या वर बाहेर राहिलात तर कार्ड गेल्यात जमा. सहा महिन्यांनंतर आलात तरी विमानतळावर उलटतपासणी होणार. घरचं आवरा, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. घरचं म्हणजे काय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात आई वॉकर घेऊन चालायला लागली. दिवसरात्र राहणाऱ्या एक मावशी मिळाल्या आणि आम्ही बारा दिवसांची तिकिटं काढली. आईला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे प्रस्थान ठेवून येणार."

तिच्या लहानपणी तिचे वडील असं करायचे. निघायचा दिवस चांगला नसला, की आधीच्या चांगल्या दिवशी सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि आपलं एखादं वस्त्र गाठोड्यात बांधून शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. प्रवास त्या दिवशी सुरू झाला, असं धरायचं. माणूस मग सोयीने निघतो आणि जाताजाता गाठोडं उचलतो. आईने तसलं एक गाठोडं माझ्या रुमालात बांधून दिलं. एकच बजावलं, की ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला.

तिकडच्या विमानतळावर तांदूळ घेऊन पकडले जायची माझी तयारी नव्हती, म्हणून ते काढून डब्यात परत ओतले. बाकीचं नेलं. खिडकीतल्या माणसाने पासपोर्टावर शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "वेलकम होम." मी थँक यू म्हटलं. तोंडाची सवय. त्या वेळी पुण्यात आईची गोळीची वेळ होती आणि मावशींना निळी पट्टी कुठली ते कळतं की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दादाच्या तळघरात आमची मोठी बॅग ठेवली. थंडीचे कपडे, एक कुकर, आणि वर ते गाठोडं. मुलगी तिथेच राहिली. तिचं कॉलेज ठरलं होतं, मामाकडे खोली होती, आणि तिला आनंद झाला होता तो तिला लपवता येत नव्हता. लपवायचा तरी का? मी तिला जवळ घेतलं.

निघायच्या दोन दिवस आधी वकीलबाईंनी एक फॉर्म पुढे केला. तो भरून ठेवला की दोन वर्षांपर्यंत बाहेर राहायची सोय होते, पण अर्ज तिकडे असतानाच करावा लागतो. फॉर्मात विचारलं होतं, किती काळ बाहेर राहणार आणि कशासाठी. माझं पेन तिथे थांबलं. आजारी आईची सेवा, असं लिहा, दादा म्हणाला. आणि किती काळ? त्या चौकटीत मी काय लिहायचं होतं? माझी आई किती दिवस जगेल याचा अंदाज, माझ्या अक्षरात, खाली माझी सही? मी फॉर्म मिटला आणि ताडकन म्हणाले, की तीन महिन्यांत ती टुणटुणीत होईल, मग येतोच आम्ही. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तसंच हवं होतं, म्हणून त्याने वाद घातला नाही. इतका मूर्खपणा आम्ही दोघा भावंडांनी मिळून केला.

परत आलो तर सोसायटीत वेगळीच पंचाईत. जाताना लोकांनी निरोपसमारंभ केला होता, स्टीलचा डबा भेट दिला होता. बाराव्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. बॅगांकडे बघून म्हणाले, "आवडली नाही का अमेरिका?" त्यानंतर सगळे एकच विचारायचे, कधी जाणार? भाजीवाली, बँकेतल्या बाई, नणंद. मी म्हणायचे, बघू, आईचं जरा मार्गी लागलं की. आणि जीभ चावायचे. कारण त्या प्रश्नाचा खरा अर्थ एकच होता, आणि माझ्या उत्तराचाही तोच होता. आत पलंगावर आईला सगळं ऐकू जायचं. कान तिचे शेवटपर्यंत तिखट.

आम्ही नसताना बारा दिवसांत ती जेमतेम जेवली होती. मग लघवीचा संसर्ग, मग हॉस्पिटल, मग घरी येऊन पुन्हा वॉकर. टुणटुणीत काही झाली नाही आणि जास्तही झाली नाही. सहा महिने गेले, नऊ गेले. मुलगी फोनवर आधी रोज यायची, मग रविवारी. एका रविवारी तिला ताप होता आणि ते मला मंगळवारी कळलं. इकडे आई, तिकडे लेक, मध्ये मी, कोणाच्याच उपयोगाची नाही. अकराव्या महिन्यात वकीलबाई म्हणाल्या, आता पुन्हा येऊन-जाऊन चालायचं नाही, आलात तर राहायला या. नवरा म्हणाला, तू ठरवशील ते. या वाक्याचा मला इतका संताप आला, की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात मी आईवर ओरडले. कारण काय, तर तिने खिचडी अर्धी टाकली. काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुझ्यासाठी सगळं सोडून बसलेय, असं म्हणाले एवढं खरं. ती ताटलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लवकर आटपत नाहीये गं माझं. मी तरी काय करू?"

मी गॅलरीत जाऊन रडले. परत आले तर तिने खिचडी संपवली होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकूंकडे विरजण मागायला गेले. काकू जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "तुमच्या आईंनी एक वस्तू ठेवायला दिलीय, महिना झाला. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. पण माझ्याच्याने आता ठेववत नाही." मावशी दुपारी डोळा लागून पडलेल्या असताना आई वॉकर टेकत टेकत एकटी पलीकडे गेली होती. दोन दारांमध्ये आठ पावलं. तिला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

काकूंनी कपाटातून गाठोडं काढून दिलं. माझ्याच जुन्या ओढणीत बांधलेलं. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ. खाली तिचं हिरवं पातळ, सवाष्णपणी नेसायची ते. आणि देवघरातली गंगेची सीलबंद लोटी, जी कधी फोडतात ते सांगायला नको. घरात शोधून मला ती सापडत नव्हती.

विरजण राहिलं. गाठोडं छातीशी धरून मी ती आठ पावलं चालले आणि घरात आले. आई खुर्चीत बसली होती. मी ते तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने गाठीवरून हात फिरवला.

"आणलंस ना परत?" ती म्हणाली. "मोडलास माझा प्रवास. आता तुझा कसा व्हायचा?"

संध्याकाळी दादाचा फोन आला, तुमचं कुठल्या तारखेचं तिकीट बघू म्हणून. मी त्याला म्हटलं, तळघरातल्या बॅगेवरचं ते रुमालाचं गाठोडं तेवढं, तू कधी येशील तेव्हा, इकडे घेऊन ये. आईने फोन मागून घेतला आणि त्याला सांगितलं, अजिबात आणू नकोस, तिथेच राहू दे.