उशाजवळची खिडकी

करीमभाई मिस्त्री कामाला हात लावण्याआधी चुना मागायचे. आलापल्लीतला माझा दवाखाना नव्याने बांधायचा ठरला, तेव्हा मी नागपूरहून काढून आणलेला नकाशा मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी तो शांतपणे गुंडाळून परत दिला. "कागदावर माणूस झोपते का, साहेब? चुना आणा."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला दार लावून घेता येईल अशी बंद तपासणीची खोली हवी होती. करीमभाईंनी मागच्या अंगणात चुन्याने ती खोली खऱ्या मापात आखली. भिंत, दार, टेबल. मग म्हणाले, "आता टेबलावर झोपा."

"मी? या मातीत?"

"काऊन? पेशंट नाई झोपत?"

चडफडत आडवा झालो. त्यांनी माझ्या बायकोला आखलेल्या दाराबाहेर उभं केलं आणि मध्ये चादर धरली.

"भाभी दिसून राह्यली का?"

"नाही."

"मंग? त्या दिवशीची बाई काऊन पळाली, समजलं?"

समजलं. महिन्यापूर्वी एक पोटुशी माडिया बाई दोन दिवस चालत आली होती. मी तिच्या सासूला बाहेर थांबवून पडदा ओढला, तशी ती टेबलावरून उठली आणि तपासू न देताच जंगलाची वाट धरली. मी "अडाणी" म्हणून मोकळा झालो होतो. कापलेलं बोट घेऊन करीमभाई तेव्हा बाकावर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ती बाई पुन्हा आली नाही. तिचं काय झालं, कोण जाणे! मला अजून लाज वाटते.

त्यांनी टेबलाच्या उशाशी, भिंतीत वीतभर सागवानी खिडकी ठेवली. पलीकडे व्हरांड्यात बाक. आतल्याला बाहेरच्याचा फक्त चेहरा दिसायचा, बाहेरच्याला आतल्याचा. "पडदा अंगाले पाहिजे, तोंडाले नाई," ते म्हणायचे. त्यानंतर एकही बाई टेबलावरून उठून गेली नाही.

दहा-बारा वर्षांनी छातीत कळ येऊन करीमभाई त्याच टेबलावर आले. गडचिरोलीला न्यायला जीप सांगितली. जे करता येण्यासारखं होतं ते मी करत होतो. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाकावर जुबेदाबी, त्यांची बायको.

"भाई, फार दुखतंय?" मी विचारलं.

"दुखते. पण दिसून राह्यली."

जीप दारात लागली, तेव्हा करीमभाईंची नाडी थांबली होती, आणि जुबेदाबी खिडकीतून त्यांच्याशी अजून बोलतच होत्या. त्यांना थांबवायला मला उठून बाहेर जावं लागलं.